ॲम्प बदलला तरी लाल दिवा लागतोच? आधी ओहम मोजा

"दाजी, परत गेला."

मेहुण्याचा फोन आला की काय गेलं हे विचारायची आता गरज पडत नाही. त्याच्या गाडीच्या डिकीत १२ इंची दोन सबवूफर (फक्त बेस वाजवणारे मोठे स्पीकर) आहेत आणि त्यांना चालवणारा एक मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनेलचा, ॲम्प. कराडहून साताऱ्याकडे निघायचं, तासवड्याचा टोल मागे टाकायचा, की उंब्रजच्या आसपास बेस गप्प. गाणं चालू, दारातले स्पीकर चालू, पोटात बसणारा ठोका तेवढा गायब. गाडी कडेला घेऊन डिकी उघडली की ॲम्पवर लाल दिवा. चहा पिऊन येईपर्यंत परत हिरवा.

फिटरने आधी "गरम होतोय" म्हणून एक छोटा पंखा लावून दिला. मग ॲम्प बदलला. नवा ॲम्प दुसऱ्या कंपनीचा, पण तोही उंब्रजलाच उतरला, एसटीचा थांबा असल्यासारखा. तिसऱ्या खेपेला फिटर म्हणाला, "दादा, आता मोठाच घ्या, दोन हजार वॅटवाला." पैसे काढायची वेळ आल्यावर मेहुण्याला मी आठवलो.

माझा हा धंदा नाही. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा, नोकरी वेगळीच, पण नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या दहा-बारा गाड्या उघडून झाल्यात. त्यातल्या बहुतेकांत ॲम्प चांगला होता आणि सबवूफरही चांगला होता. दोघांची पत्रिका कुणी जुळवून बघितली नव्हती, एवढंच.

लाल दिवा कधी लागतो?

ॲम्पवरचा तो लाल दिवा म्हणजे ॲम्प जळाला असं नव्हे. जळू नये म्हणून त्याने स्वतःला बंद करून घेतलेलं असतं. तो कोणत्या वेळी लागतो यावरून अर्धं निदान होतं, म्हणून पाना-पक्कड काढण्याआधी मी गाडीवाल्याला तेवढंच विचारतो.

चावी फिरवल्या फिरवल्या लागत असेल तर ॲम्पमधून स्पीकरच्या तारा काढा आणि पुन्हा चालू करून बघा. आता हिरवा लागला तर दोष तारेत किंवा सबवूफरमध्ये आहे. बहुतेक वेळा सीटच्या पट्टीखाली चिरडलेली तार गाडीच्या पत्र्याला टेकलेली असते. तारा काढूनही लालच राहिला तर आरसीए केबल (स्टिरिओकडून सिग्नल आणणारी) काढून बघा, अर्थिंग बघा, आणि तरीही लालच असेल तर मात्र ॲम्प दुरुस्तीला.

गाणं सुरू होऊन जोराचा ठोका आला की त्याच क्षणी बंद होतो, आवाज कमी केला की चालतो, असं असेल तर दोन संशयित: ॲम्पपर्यंत व्होल्टेज पोहोचत नाही, किंवा सबवूफरचा ओहम (वीज अडवण्याचं माप; जितका कमी तितका करंट जास्त) ॲम्पला झेपत नाही.

वीस-पंचवीस मिनिटं छान चालून मग बंद, आणि थंड झाल्यावर आपोआप चालू, हे उष्णतेचं लक्षण. मेहुण्याचं हेच होतं. फिटरचं "गरम होतोय" हे म्हणणं खोटं नव्हतं. गरम का होतोय, हे त्याने विचारलं नाही.

मीही आधी चुकीच्या जागी बघितलं

रविवारी सकाळी गाडी दारात आली. सबवूफरचा डबा उघडायच्या आधी सोपं काम करावं म्हणून मी मल्टिमीटर घेऊन ॲम्पच्या पॉवरच्या टोकांवर बसलो. इंजिन चालू, गाणं नेहमीच्या आवाजात. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, आणि ॲम्पवर ठोक्यागणिक काटा, म्हणजे आकडा, ११.४ पर्यंत खाली. दोन व्होल्टच्या वर वाटेतच गायब.

कुठे गायब होतात हे शोधायलाही मीटरच. काळी पिन बॅटरीच्या मायनसला एका लांब तारेने जोडली आणि लाल पिन ॲम्पच्या अर्थच्या टोकाला लावली. तिथे शून्याच्या जवळचं काहीतरी दिसायला हवं. दिसला ठोक्याला एक व्होल्टच्या वर. अर्थची तार मागच्या सीटच्या बेल्टच्या बोल्टला लावली होती, रंगावरच. सीटबेल्टच्या बोल्टला कधीही हात लावू नका; तो जीव वाचवायला आहे, त्याच्या खाली वॉशर आणि तारा कोंबायला नाही. डिकीच्या तळाचा रंग पॉलिशपेपरने खरवडून, पत्रा चकचकीत करून, तिथे नवीन बोल्ट मारला आणि हातभर लांबीच्या जाड तारेने अर्थ केला. खाली पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही ना, हे वाकून बघितल्याशिवाय ड्रिल मारायचं नाही.

राहिलेला व्होल्ट पॉवरच्या तारेत होता. बाहेरून अंगठ्याएवढी जाड, आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ब्लेडने एक तंतू खरवडला की आतून पांढरा निघतो, तेवढी परीक्षा पुरते. असली तार तांब्याच्या तारेइतकी वीज वाहून नेत नाही, आणि तिचं इन्सुलेशन मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. चार गेजची खऱ्या तांब्याची तार आणून ओढली. जुन्या तारेचा फ्यूज तर ॲम्पच्या शेजारी डिकीत होता! फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, कारण तो ॲम्पला नाही, तारेला वाचवतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या तारेत कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झालं तर डिकीतला फ्यूज बघत बसतो आणि तार पेटते. हे सगळं करताना बॅटरीची मायनस तार काढून ठेवायची, हे सांगायला नको.

आता ॲम्पवर ठोक्याला १३ व्होल्ट. मी खूश. मेहुणा खूश. चहा-पोहे होऊन तो संध्याकाळी कराडला गेला.

मंगळवारी फोन. "दाजी, आता नागठाण्याला जातो." म्हणजे साताऱ्याच्या दारापर्यंत पोहोचला होता बिचारा, पण गेलाच. तारा सुधारल्याने ॲम्पला श्वास मिळाला, मूळ ओझं मात्र तेवढंच होतं.

ओझं म्हणजे ओहम

पुढच्या रविवारी सबवूफरच्या डब्याची टोकं मोजली. स्वस्त मीटरवर २०० ओहमची पट्टी लावायची, आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवायच्या. माझ्या मीटरवर ०.३ येतं, ते पिनांचं स्वतःचं. मग डब्याची टोकं मोजायची आणि त्यातून ते ०.३ वजा करायचं. आलं १.२, म्हणजे खरे ०.९ ओहम.

ॲम्पच्या बुडाशी छापलेलं होतं: ४ ओहमला ३५० वॅट, २ ओहमला ६०० वॅट. १ ओहमचा उल्लेखच नाही. छापलेल्या सगळ्यात कमी ओहमच्या खालचा ओहम ॲम्पला जोडायचा नसतो. दुकानदार "चालतो हो" म्हणेल, चालतो, उंब्रजपर्यंत.

हे ०.९ आलं कुठून? दोन्ही सबवूफर दोन कॉइलचे (कॉइल म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं), प्रत्येक कॉइल ४ ओहमची. म्हणजे एकूण चार कॉइल. मीटरवर ४ ओहमची कॉइल साधारण साडेतीन दाखवते, कारण मीटर तारेचा नुसता रोध मोजतो. फिटरने चारही कॉइल समांतर, म्हणजे सगळे प्लस एकत्र आणि सगळे मायनस एकत्र जोडले होते. साडेतीनला चारने भागा. बरोबर ०.९ च्या आसपास येतं. कागदावर १ ओहम.

ओहम निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट. २ ओहमला ६०० वॅट देताना ॲम्पच्या आउटपुटमधून साधारण १७ ॲम्पिअर जातात. १ ओहमला तोच ॲम्प ३४-३५ द्यायला बघतो. आतले मॉस्फेट (करंट सोडणारे ट्रान्झिस्टर) तेवढ्यासाठी घेतलेलेच नसतात. शिवाय डी क्लासचा (वीज झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या जातीचा) ॲम्प ४ ओहमला जितका काटकसरी असतो तितका खालच्या ओहमला राहत नाही, जास्तीची वीज उष्णता होऊन ॲम्पच्या अंगावरच्या धातूच्या पट्ट्यांत जाते. आणि हा ॲम्प तर डब्याच्याच पाठीला स्क्रूने ठोकलेला, वर मेहुण्याच्या जिमची बॅग.

आता गंमत बघा. मेहुणा म्हणाला, "मग २ ओहम करून द्या, ६०० वॅट मिळतील." होत नाही. ४ ओहमच्या चार कॉइलचे सारखं ओझं वाटून घेणारे जोड तीनच: सगळ्या समांतर केल्या तर १, दोन-दोनच्या माळा (एकीच्या मागे एक) करून त्या समांतर केल्या तर ४, आणि सगळ्यांची एकच माळ केली तर १६. दोन कुठेच येत नाही. म्हणजे हा ॲम्प ज्या ओहमला सगळ्यात खुलतो, तो ओहम हे दोन सबवूफर त्याला कधीच देऊ शकत नाहीत. दुकानात ॲम्प वेगळा निवडला, सबवूफर वेगळे निवडले, दोन्ही आपापल्या जागी चांगले. लग्न ठरवताना गुण बघितले नाहीत. आणि फिटरने बदलण्याआधीचा पहिला ॲम्पही २ ओहमपर्यंतचाच होता, म्हणून कंपनी बदलली तरी थांबा तोच.

तेव्हा जोड बदलून ४ ओहम केला. प्रत्येक सबवूफरमध्ये पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला बांधायचा, उरलेली दोन टोकं म्हणजे ८ ओहमचा एक सबवूफर. असे दोन समांतर, म्हणजे ४. मीटरवर पिनांचे वजा करून ३.५ आले. ॲम्प जोडला, पाऊण तास गाणी लावली. हाताला कोमट.

"पण दाजी, बेस पार मेला की."

सव्वादोन डेसिबलने बेस मरत नाही

इथे बरेच जण परत १ ओहमवर जातात. थांबा, आकडा बघा. ॲम्पच्या छापील ६०० वॅटवरून ३५० वॅटवर आलो म्हणजे निम्म्यापेक्षा थोडंच जास्त उरलं, पण कान वॅट मोजत नाही. निम्मी पॉवर म्हणजे ३ डेसिबलचा फरक; आपल्या बाबतीत सव्वादोन-अडीच. आवाज दुप्पट वाटायला ढोबळ मानाने १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट पॉवर. तेव्हा ६०० चे ३५० झाल्याने "किंचित कमी" वाटेल, "पार मेला" नाही. बेस मेला असेल तर कारण दुसरं आहे.

डब्याला एकच मोठा पोर्ट, म्हणजे हवा बाहेर सोडणारं भोक, होता, दोन्ही सबवूफरची आतली हवा एकच. मी पोर्टच्या तोंडाशी तळहात धरला. दोन बारा इंची वाजतायत आणि हाताला वारा नाही. झटका बसल्यासारखं कळलं.

रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घेतला. डब्याच्या टोकांना क्षणभर टेकवला, प्लसला प्लस. उजवा कोन, म्हणजे सबवूफरचा पडदा, पुढे सरकला. डावा मागे गेला. पुन्हा टेकवला, पुन्हा तेच. एकाचे प्लस-मायनस उलटे. एक सबवूफर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय, डब्यातली हवा नुसती इकडून तिकडे, पोर्टमधून बाहेर काही नाही. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलने हीच परीक्षा जास्त ठळक दिसते, पण टेकवा आणि काढा, धरून ठेवू नका.

मी तारा बदलताना चुकलो का? नाही, जुन्या जोडणीचा फोटो मोबाइलमध्ये होता. (तारा सोडण्याआधी फोटो काढा. एवढं एक ऐका.) डाव्या सबवूफरच्या टर्मिनलपाशी फिटरने लाल तार काळ्या खाचेत दाबली होती आणि मी ती रंगावर विश्वास ठेवून तशीच पुढे नेली. म्हणजे पहिल्या दिवसापासून एक उलटा.

आणि मग सगळी साखळी उलगडली. एक सबवूफर उलटा, म्हणून बेस मुळात मिळतच नव्हता. बेस मिळेना म्हणून मेहुण्याने ॲम्पवरचा गेनचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला, बेस बूस्टही शेवटपर्यंत. स्टिरिओमध्येही बेस वर, मोबाइलच्या ॲपमध्येही. ॲम्पला १ ओहमचं ओझं आधीच डोईजड, त्यावर हा चौपदरी मारा. तो गरम होणार नाही तर काय होईल. दोन तारांची अदलाबदल पहिल्या दिवशी झाली असती तर त्याला गेनला हात लावायची गरजच पडली नसती, आणि ॲम्प कदाचित १ ओहमवरही रडतखडत चालला असता. ते चांगलं झालं असतं असं मी म्हणत नाही.

तारा सुलट केल्या. पोर्टपाशी पेट्रोलपंपाची पावती धरली तर फडफडायला लागली. मेहुण्याने काही बोलायच्या आधी शेजारच्या काकांनी गॅलरीतून खाली बघितलं.

एक उपसूचना. दोन्ही सबवूफर आपापसांत सुलट असूनही पुढच्या दारांच्या स्पीकरशी उलटे असू शकतात. त्यासाठी ॲम्पवर ० आणि १८० असा फेजचा खटका असतो. ड्रायव्हरच्या सीटवर बसा, दुसऱ्याला खटका फिरवायला सांगा, ज्यात ढोल जास्त भरीव लागतो तो ठेवा. त्यात शास्त्र आहे, पण कान पुरतो.

गेन हा आवाजाचा खटका नाही

आता सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा स्क्रू. गेन म्हणजे आवाज नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल एखाद्याचा २ व्होल्टचा, एखाद्याचा ४ चा. तो कितीचा आहे हे ॲम्पला सांगण्यासाठी गेन असतो. तो पूर्ण उजवीकडे फिरवला म्हणजे ॲम्पला सांगितलं की सिग्नल फार बारीक येतोय, खूप वाढव. मग स्टिरिओचा आवाज निम्म्यावर असतानाच ॲम्पचा माथा छताला लागतो आणि लाटेचे शेंडे कापले जातात. शेंडे कापलेली लाट जवळजवळ चौकोनी होते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. ३५० वॅटचा ॲम्प अशा वेळी कॉइलमध्ये त्याहून बरीच जास्त उष्णता ओततो. सबवूफरमधून जळक्या वार्निशचा वास आला तर तो हाच. "कमी वॅटच्या ॲम्पने सबवूफर जळतो" अशी जी समजूत आहे तिच्यातही दोष वॅटचा नसतो, कापलेल्या शेंड्यांचा असतो.

बेस बूस्टचं गणित तर वाचूनच हात मागे यावा. ६ डेसिबल बूस्ट म्हणजे त्या जागी चौपट पॉवरची मागणी, १२ डेसिबल म्हणजे सोळापट. मोबाइल, स्टिरिओ, ॲम्प अशा तिन्ही ठिकाणी वाढवलं की काय होत असेल ते तुम्हीच गुणून बघा. मी तिन्हीकडे शून्य करतो. कमी वाटलं तर स्टिरिओत थोडं, बाकी कुठे नाही.

गेन लावायची माझी पद्धत अशी. सबवूफरच्या तारा ॲम्पमधून काढतो. बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, ॲम्पवरचा लो-पास (ठरावीक सुराच्या वरचं अडवणारी चाळणी) पूर्ण वर, सबसॉनिक (अगदी खालचे सूर अडवणारी चाळणी) बंद. इंजिन चालू. पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झची सलग शुद्ध लहर, पूर्ण पातळीची. घरच्या विजेचीही वारंवारता ५० हर्ट्झच असल्यामुळे तीनशे रुपयांचा मीटरही या जागी बरोबर मोजतो, हा आपला फायदा. स्टिरिओचा आवाज ४० पैकी ३० वर, म्हणजे जिथे तुम्ही जास्तीत जास्त नेणार तिथे. मीटर एसी २०० व्होल्टवर, पिना ॲम्पच्या स्पीकरच्या टोकांवर. मग गेन तळापासून हळूहळू वर.

कुठे थांबायचं? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ३५० गुणिले ४ म्हणजे १४००, वर्गमूळ ३७.४ व्होल्ट. तिथे ओझं नसताना आलेला आकडा ओझं लागल्यावर तसाच टिकेल असं नाही, म्हणून मी ३५ ला थांबलो. तुमचा ॲम्प १ ओहमला ५०० वॅटचा असेल तर २२.४, २ ओहमला ३०० चा असेल तर २४.५. आणि वॅट ॲम्पचे आणि सबवूफरचे यांत जे कमी असतील ते धरायचे. मेहुण्याचे सबवूफर प्रत्येकी ३०० आरएमएसचे (म्हणजे सलग झेपणारे वॅट), दोन मिळून ६००, ॲम्प ३५० चा, म्हणून ३५०.

मग तारा परत जोडल्या, लो-पास ८० हर्ट्झवर आणला. स्टिरिओतही लो-पास असेल तर दोन्हीकडे लावू नका, एकच ठेवा. डबा पोर्टचा असल्याने सबसॉनिक २८ च्या आसपास, कारण पोर्टच्या सुराच्या खाली गेल्यावर कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो मोकाट हलतो. बंद डब्याला याची तेवढी निकड नाही.

गेन जिथे होता त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आला होता. आवाज मात्र पूर्वीपेक्षा जास्त. मेहुणा बराच वेळ गेनच्या स्क्रूकडे बघत बसला.

घेण्याआधी कागदावर हे करा

दुकानात जाण्याआधी सबवूफरचा ओहम आणि कॉइल किती हे लिहून घ्या. ४ ओहमची एकच कॉइल असलेला एक सबवूफर ४ च देतो. असे दोन घेतले तर २ किंवा ८. दोन कॉइलचा एक, ४-४ चा असेल तर २ किंवा ८. २-२ चा असेल तर १ किंवा ४. दोन कॉइलचे दोन, २-२ चे असतील तर अर्धा, २ किंवा ८. आणि ४-४ चे असतील तर १, ४ किंवा १६, जे आमच्या वाट्याला आलं. आधी हा आकडा, मग त्या आकड्याला जो ॲम्प तुमच्या सबवूफरच्या आरएमएसइतके वॅट देतो तो. मेहुण्याने सबवूफर २-२ ओहमचे घेतले असते तर त्याच ॲम्पवर २ ओहम बसले असते आणि ६०० वॅट सुखाने मिळाले असते. किंमतही तीच होती.

चार चॅनेलच्या ॲम्पचे मागचे दोन चॅनेल ब्रिज करून, म्हणजे दोघांना मिळून एक करून, सबवूफर चालवायची पद्धत आपल्याकडे फार आहे, आणि ती वाईट नाही. पण ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला ओझं निम्म्या ओहमचं लागतं. म्हणून बहुतेक ॲम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. तिथे ४-४ चा सबवूफर समांतर जोडून २ ओहम लावला की उंब्रज आलंच.

खोक्यावरच्या वॅटचं तर बोलूच नये. २००३ साली अमेरिकेत सीईए-२००६ नावाचं मोजमाप आलं. आकडा २००६ असला तरी साल २००३. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत विकृती अशा अटींवर पॉवर सांगावी लागते. ते नाव (आता सीटीए-२००६) छापलेलं असेल तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. नसेल तर ॲम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. समजा खोक्यावर २५०० वॅट आणि ॲम्पला ३० चा एकच फ्यूज. ३० ॲम्पिअर गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट आत जातात, त्यातले डी क्लासमध्ये फार तर ८० टक्के बाहेर येतात, म्हणजे ३३०. बाकीचे वॅट छपाईवाल्याचे. फिटर ज्या "दोन हजार वॅटवाल्या"ची शिफारस करत होता त्याला २५ चे दोन फ्यूज होते. साडेपाचशे वॅट, तेही दुकानातल्या काचेआड.

आणि ती निळ्या दिव्यांची फॅरडवाली कपॅसिटरची डबी. बेसच्या ठोक्याला गाडीचे दिवे मंद होतात म्हणून ती विकली जाते. अल्टरनेटर जेवढी वीज बनवतो त्यात ती एका वॅटची भर घालत नाही. पैसे तांब्याच्या तारेत घाला.

मीटर नसेल तर पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर गावातलं कुठलंही इलेक्ट्रिकचं दुकान. ॲम्पच्या किमतीपुढे तो फुकटच.

मेहुण्याचं काम संपलं तेव्हा मी गेनच्या स्क्रूवर आणि त्याच्या शेजारच्या पत्र्यावर मिळून व्हाइटनरचा एक ठिपका दिला, स्क्रू हलला की ठिपका तुटावा असा. त्यानंतर दोन महिने फोन नाही. कराड-सातारा, एकदा तर थेट कोल्हापूर, हिरवा तो हिरवाच. मग गणपतीच्या आधी गाडी घेऊन घरी आला आणि म्हणाला, "दाजी, जरा बघा बरं, बेस थोडा फाटल्यासारखा येतोय." मी डिकी उघडली, जिमची बॅग बाजूला केली आणि टॉर्च मारला. ठिपक्याचे दोन तुकडे झाले होते, त्यातला एक चांगला पाव फेरा उजवीकडे.

"पोरांनी केलं असेल," तो म्हणाला. त्याला अजून पोरं नाहीत. मी स्क्रू परत जागेवर आणला, या वेळी बायकोच्या नेलपॉलिशने.